म्हातारी माशी

लाल पेन्सिल सरकारकडून मिळायची,
महिन्याला दोन, सही करून घ्यायच्या.
प्लोवदिवच्या कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर
मी मुलांची मासिकं तपासायचे.
कोल्हा आला की विचारायचे, हा कोल्हा कोण?
ससा फार रडला तर, कशासाठी?
गोष्टीतला हिवाळा लांबला तर तारीख बघायचे.
पगार त्याचाच होता.
पलंगाखाली वाकून बघावं
तसं गोष्टीखाली वाकून बघायचं,
कोणी लपून बसलंय का.

स्तोईल कराइवानोव्हची गोष्ट मार्चमध्ये आली.
दीड पान. टंकयंत्राचं एक अक्षर तुटलेलं,
जिथे तिथे त्याने ते शाईने भरलेलं.
रोडोपच्या डोंगरातली एक मधपेटी. थंडी.
राणीमाशी मरते, आणि बाकीच्यांना
ते कळत नाही, किंवा कळतं
पण वसंतापर्यंत कोणी बोलत नाही.
तिच्याभोवती दाटून बसतात,
तिला आता नको असलेली ऊब देत राहतात.
संपली गोष्ट.

मी दोनदा वाचली. मग दार लावून तिसऱ्यांदा.

तो आला तेव्हा बुटांना चिखल होता,
बोटं मेणाने पिवळी.
"राणी कोण?"
"राणीमाशी."
"आणि थंडी?"
"फेब्रुवारी."
"लेकी बोले सुने लागे, असं काही नाही ना?"
"बाई, माझ्या अकरा पेट्या गेल्या या वर्षी," तो म्हणाला.
"सुनेला काय लावू? मला सूनच नाही."

माझा विश्वास बसला. हे लिहून ठेवते:
माझा विश्वास बसला, तरी पेन्सिल उचलली,
कारण माझ्या वर एक वाचणारा होता,
त्याच्या वर आणखी एक.
'राणीमाशी' खोडलं,
वर बारीक अक्षरात लिहिलं, 'एक म्हातारी माशी'.

मासिक एप्रिलमध्ये निघालं.
मे महिन्यात, पावाच्या रांगेत
माझ्या मागच्या माणसाने शेजाऱ्याला विचारलं,
"म्हातारी कशी आहे?"
"ऊब देताहेत," शेजारी म्हणाला,
आणि दोघेही पावांकडे बघत राहिले.

राणी तशीच राहू दिली असती
तर पोरं वाचून विसरली असती.
पेटीत राणी असतेच, तिच्याकडे कोण बघतं?
पण म्हातारी? ती कुठून आली?
उन्हाळ्यातली माशी सहा आठवडे जगते,
हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत.
कोऱ्या भिंतीवर मी कुलूप लावलं,
आणि लोक दार शोधू लागले.

स्तोईलला चौकशीला नेलं. चार दिवस.
मी काही बोलले नाही. त्या पानावर
माझी सही होती, घरी लहान मुलगा होता.
ही कारणं आहेत, आणखी काही नाही.

सगळं बदलल्यावर, कितीतरी वर्षांनी,
वाचनालयात त्याचा सत्कार झाला.
मी मागे, हीटरपाशी, कोट न काढता.
एक तरुण शिक्षिका उभी राहिली:
"म्हातारी माशी! तेवढं धाडस कुठून आणलंत?"
तो बराच वेळ चष्मा पुसत राहिला.
"थंडी फार होती," तो म्हणाला. "अकरा पेट्या गेल्या."
सभागृह हसलं, मग टाळ्या.
माझ्या शेजारच्या मुलाने वहीत लिहिलं,
'अकरा', आणि पुढे प्रश्नचिन्ह.

जाताना तो माझ्यापाशी थांबला.
"रायनाबाई, तुमचा शब्द
माझ्यापेक्षा चांगला निघाला."
रागावला होता की नाही, सांगता येत नाही.
खिशातून एक बरणी काढून त्याने माझ्या हातात ठेवली.

बरणी आता स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे.
मध गोठून दाणेदार झालाय.
झाकण अजून उघडलेलं नाही.
वर चिकटवलेला कागद, त्याच्याच अक्षरात:
लिंडनचा मध, अर्धा किलो, गावाचं नाव, साल.
मी दोनदा वाचला.
मग दार लावून
तिसऱ्यांदा.